हेलिकॉप्टर आणि टॉवर यांच्यातील रेडिओ-संभाषण कसे चुकते

हवाई अपघाताच्या बातमीत ‘वैमानिकाचा नियंत्रण कक्षाशी संपर्क तुटला’ हे वाक्य बहुतेक वेळा असते, आणि ते वाचून रेडिओचा संच बंद पडला असावा व त्यातून पुढचे सगळे घडले असावे, अशी वाचकाची समजूत होते. प्रत्यक्षात संच पूर्णपणे बंद पडणे ही गोष्ट क्वचित घडते आणि त्या प्रसंगी काय करायचे याचे नियम पक्के ठरलेले असतात. जास्त गंभीर चुका संच नीट चालू असताना होतात. दोन्ही बाजूंचे लोक शांतपणे बोलत असतात, समोरच्याला आपले म्हणणे कळले आहे अशी दोघांचीही खात्री असते, आणि तरीही एकाच्या मनातले चित्र दुसऱ्याच्या मनातल्या चित्रापेक्षा वेगळे असते. हा फरक कसा पडतो, तो वेळीच का लक्षात येत नाही आणि हेलिकॉप्टरच्या बाबतीत त्याची शक्यता का वाढते, हे या लेखात समजावून घ्यायचे आहे.

खान्देशात हा विषय आता परका राहिलेला नाही. जळगावला प्रवासी विमाने येतात आणि वैमानिकांचे प्रशिक्षणही चालते; धुळ्याजवळ गोंदूरला आणि शिरपूरलाही प्रशिक्षणाची विमाने उडत आली आहेत. निवडणुकीच्या दिवसांत तर एकाच दुपारी तीन-चार तालुक्यांच्या ठिकाणी हेलिकॉप्टर उतरतात. या सगळ्यांना आकाशात एकमेकांपासून दूर ठेवण्याचे काम मुख्यतः आवाजावर चालते, आणि तो आवाज ज्या वाटेने जातो ती वाट फार अरुंद आहे.

नागरी विमाने आणि हेलिकॉप्टर टॉवरशी, म्हणजे विमानतळावरच्या नियंत्रण कक्षाशी, बोलण्यासाठी ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरतात. एका टॉवरची एक फ्रिक्वेन्सी असते आणि तिच्यावर त्या परिसरातली सगळी विमाने बोलतात. मोबाइलवर दोघे एकाच वेळी बोलू शकतात, एकमेकांना मध्येच थांबवू शकतात. येथे तसे होत नाही. बटण दाबले की आपण बोलतो आणि तेवढा वेळ आपल्याला काहीही ऐकू येत नाही. बटण सोडले की ऐकू येऊ लागते. म्हणून दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले तर त्या दोघांपैकी कोणालाही ते कळत नाही. तिसऱ्याच्या कानावर मात्र दोन आवाजांच्या जागी एक कर्कश शिट्टी पडते. विमानांच्या रेडिओत एफएमऐवजी जुनी एएम पद्धत टिकून राहिली आहे, त्याला या शिट्टीचाही आधार आहे. एफएममध्ये जोरकस लहर दुबळ्या लहरीला पूर्ण झाकून टाकते आणि दुसरे कोणी बोलत होते याचा पत्ताही लागत नाही. एएममध्ये निदान काहीतरी बुडाले आहे, एवढे तरी ऐकणाऱ्याला समजते.

पण काय बुडाले, हे समजत नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुके होते. केएलएमचे जंबो विमान धावपट्टीच्या एका टोकाला उड्डाणासाठी उभे होते आणि पॅन अॅमचे दुसरे जंबो त्याच धावपट्टीवरून पुढे सरकत होते. केएलएमच्या सहवैमानिकाने आपण आता उड्डाणाच्या स्थितीत आहोत अशा अर्थाचे मोघम वाक्य उच्चारले. नियंत्रकाने ‘ओके’ म्हटले, क्षणभर थांबून ‘उड्डाणासाठी थांबा, मी तुम्हाला सांगतो’ असे म्हटले, आणि नेमक्या त्याच वेळी पॅन अॅमचा वैमानिक ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असे सांगत होता. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ स्पष्ट पोहोचले आणि त्यानंतरचे दोन्ही इशारे शिट्टीत विरले. विमान आधीच धावू लागले होते. त्या धडकेत ५८३ माणसे गेली. त्यानंतर जगभर एक शिस्त पक्की झाली: ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, इतर सर्व वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचे. आज एखाद्या प्रशिक्षणार्थीला हा नियम कागदी वाटू शकतो. तो किती माणसांच्या मृत्यूनंतर आला, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवे, असे मला वाटते.

चुका पकडण्याची मुख्य व्यवस्था म्हणजे रीडबॅक. नियंत्रकाने सूचना दिली की वैमानिकाने तिच्यातला महत्त्वाचा भाग जसाच्या तसा परत म्हणायचा, आणि नियंत्रकाने तो लक्ष देऊन ऐकून चूक असल्यास लगेच दुरुस्त करायचा. बाजार समितीत फोनवरून बँकेचा खाते क्रमांक घेणारा व्यापारी एकेक आकडा परत उच्चारून ‘बरोबर ना?’ विचारतो, तीच ही रीत आहे. फरक इतकाच की येथे ती ऐच्छिक नाही. उंची, दिशा, वेग, वापरातली धावपट्टी, धावपट्टीवर येण्याची, ती ओलांडण्याची, उतरण्याची किंवा उड्डाणाची परवानगी, हवेच्या दाबाचा आकडा आणि रडारवर ओळख पटवणारा ट्रान्सपॉन्डरचा कोड, एवढ्या गोष्टी परत म्हणणे बंधनकारक आहे. अशा सूचनेला नुसते ‘रॉजर’ म्हणणे पुरेसे नाही, कारण त्या शब्दाचा अर्थ ‘तुमचे बोलणे मला मिळाले’ एवढाच आहे. काय मिळाले, हे त्यातून कळत नाही.

या व्यवस्थेचा कमकुवत भाग वैमानिकाच्या बोलण्यात कमी आणि नियंत्रकाच्या ऐकण्यात जास्त आहे. वैमानिक चुकीचा आकडा परत म्हणत असतो तेव्हा नियंत्रकाची नजर पुढच्या विमानाची नोंद असलेल्या पट्टीवर गेलेली असते, हात लिहीत असतो, आणि आपण दिलेलाच आकडा परत येणार असे त्याच्या मनाने गृहीत धरलेले असते. चुकीचा आकडा त्याच्या कानात शिरतो आणि बरोबर म्हणून नोंदला जातो. त्यानंतरची शांतता वैमानिकाला संमतीसारखी वाटते. नियंत्रकाने हटकले नाही, म्हणजे आपले बरोबर आहे, असे तो धरून चालतो.

१९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरला उतरणाऱ्या फ्लाइंग टायगर कंपनीच्या मालवाहू जंबो विमानाला २,४०० फुटांपर्यंत खाली येण्याची सूचना मिळाली. नियंत्रकाने ती ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो’ अशी एकेक आकडा उच्चारून दिली होती. त्यातला ‘टू’ म्हणजे दोन हा आकडा होता; वैमानिकाने त्याचा अर्थ ‘पर्यंत’ असा घेतला, ‘ओके, फोर झिरो झिरो’ असे उत्तर दिले आणि तो ४०० फुटांकडे उतरू लागला. रीडबॅक झाला होता, तो चुकीचा होता आणि तो दुरुस्त झाला नाही. विमान टेकडीवर आदळले आणि आतले चारही जण मृत्यू पावले. पूर्ण शेकडे आणि हजार असतील तेथे ‘टू थाउजंड फोर हंड्रेड’ असे फोडून म्हणण्याचा आग्रह कशासाठी आहे, हे या एका प्रसंगावरून कळते.

हवेच्या दाबाचा आकडा सामान्य वाचकाला किरकोळ वाटेल, पण कमी उंचीवरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी त्याचे महत्त्व फार मोठे आहे. विमानातला उंचीमापक प्रत्यक्षात हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची दाखवतो. म्हणून त्या दिवशीचा, समुद्रसपाटीला धरून काढलेला दाब नियंत्रक सांगतो आणि वैमानिक तो उंचीमापकाच्या छोट्या खिडकीत फिरवून बसवतो. प्रमाण मानलेला दाब १,०१३ हेक्टोपास्कल आहे. पावसाळ्यात आपल्याकडचा दाब त्याच्या बराच खाली, १,००० च्या आसपास असतो. समजा टॉवरने ‘वन झिरो झिरो थ्री’ सांगितले आणि वैमानिकाने सवयीच्या आकड्याप्रमाणे ‘वन झिरो वन थ्री’ ऐकले. एका हेक्टोपास्कलला उंचीत साधारण २७ ते ३० फुटांचा फरक पडतो, म्हणजे दहाला जवळजवळ ३०० फूट. उंचीमापक २,५०० दाखवत राहील आणि हेलिकॉप्टर २,२०० फुटांवर असेल. ३०,००० फुटांवरच्या विमानाला असे ३०० फूट लगेच जिवावर बेतत नाहीत. ढगांखालून सातपुड्याच्या पायथ्याने जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या बाबतीत जमिनीपासूनचे सगळे अंतरच तेवढे असू शकते.

आता हेलिकॉप्टरच्या कॉकपिटकडे थोडे जवळून पाहू. मोठ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये साधे बोलणे ऐकू येते. हेलिकॉप्टरमध्ये डोक्यावरचे पाते, गिअरबॉक्स आणि इंजिन यांचा मिळून ९० ते १०० डेसिबलच्या घरातला आवाज सतत चालू असतो. वैमानिक कान झाकणारा हेडसेट लावतो आणि छोटा माइक ओठांना जवळजवळ टेकवून बोलतो, कारण तो बोटभर दूर सरकला तरी टॉवरमध्ये शब्दांच्या जागी घरघर पोहोचते. यंत्राच्या थरथरीने आवाजही थरथरतो. हातांची अडचण याहून मोठी आहे. उजव्या हातात सायक्लिक नावाचा दांडा, डाव्या हातात कलेक्टिव्ह नावाची तरफ आणि दोन्ही पाय पेडलवर, अशी वैमानिकाची बैठक असते. विमान हवेत स्थिर असेल तर ते काही क्षण हात सोडूनही सरळ जाते. जमिनीजवळ तरंगणाऱ्या, ऑटोपायलट नसलेल्या हेलिकॉप्टरचा दांडा सोडता येत नाही. अशा वेळी नवी फ्रिक्वेन्सी फिरवणे किंवा मांडीवरच्या पॅडवर आकडा लिहून घेणे म्हणजे डाव्या हाताचे काम क्षणभर थांबवणे होय. लिहून न घेतलेला आकडा मग डोक्यात धरून ठेवावा लागतो आणि तेथे तो बदलतो.

बोलण्याचे बटणही त्याच सायक्लिक दांड्यावर, तर्जनीखाली, बंदुकीच्या चापासारखे असते. अनेक हेलिकॉप्टरमध्ये त्याला दोन टप्पे असतात: अर्धे दाबले की आवाज फक्त शेजारच्या सहवैमानिकाच्या कानात जातो, पूर्ण दाबले की तो रेडिओवरून बाहेर जातो. घाईत बोट अर्ध्यावरच थांबले तर वैमानिकाला आपण टॉवरला उत्तर दिले असे वाटते आणि टॉवरला काहीच मिळत नाही. उलट, बोट पूर्ण दाबलेलेच राहिले किंवा बटण अडकले तर कॉकपिटमधले खासगी बोलणे सगळ्यांच्या कानावर पडत राहते आणि ती फ्रिक्वेन्सी इतर सगळ्या विमानांसाठी बंद होते. बटण दाबण्याआधीच बोलायला सुरुवात करणे ही नवशिक्यांची आणखी एक नेहमीची चूक. त्यात वाक्याचा आरंभ कापला जातो, आणि आरंभी कॉलसाइन, म्हणजे आपण कोणाशी बोलतो आहोत किंवा कोण बोलतो आहे हे असते. एकाच संस्थेची विमाने आकाशात असतील, त्यांच्या कॉलसाइनमध्ये शेवटच्या एका अक्षराचाच फरक असेल आणि नावाचा अर्धा भाग कापला गेला, तर एकाची परवानगी दुसरा घेऊन मोकळा होतो.

बोटाच्या अशा एका छोट्या हालचालीचे उदाहरण २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये घडले. अमेरिकी लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीच्या काठाने रेगन विमानतळाजवळून जात होते आणि एक छोटे प्रवासी जेट तेथे उतरत होते. टॉवरच्या नियंत्रकाने हेलिकॉप्टरला त्या जेटची माहिती दिली: ते पुलाच्या दक्षिणेला १,२०० फुटांवर आहे आणि वळसा घेऊन धावपट्टी क्रमांक ३३ कडे येत आहे. हेलिकॉप्टरच्या कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणावरून असे दिसते की ‘वळसा घेऊन’ हा शब्द आतल्या लोकांच्या कानापर्यंत पोहोचला नसावा. विमान सरळ मुख्य धावपट्टीकडे जाणार की वळून नदीवरून, म्हणजे हेलिकॉप्टरच्या वाटेवरून दुसऱ्या धावपट्टीकडे येणार, हे त्या एका शब्दात होते.

पुढे ८ वाजून ४७ मिनिटे ३९ सेकंदांनी नियंत्रकाने ते जेट दिसते आहे का असे विचारले आणि तीन सेकंदांनी जेटच्या मागून जाण्याची सूचना दिली. त्याच क्षणी हेलिकॉप्टरमधून ०.८ सेकंदासाठी बटण दाबले गेले. तेवढ्यात सूचनेतला ‘मागून जा’ हाच भाग बुडाला असावा, असे तपासात आढळले. बटण दाबणाऱ्याला आपले काही हुकले हे कळण्याचा मार्ग नव्हता. दोन सेकंदांनी हेलिकॉप्टरने ‘विमान दिसते आहे, आम्ही नजरेने अंतर राखतो’ असे सांगून तशी परवानगी मागितली आणि ती मिळाली. ८ वाजून ४७ मिनिटे ५९ सेकंदांनी धडक झाली. जेटमधले ६४ आणि हेलिकॉप्टरमधले ३, असे ६७ जण ठार झाले.

या अपघाताचे सगळे खापर त्या ०.८ सेकंदावर फोडणे चुकीचे होईल. हेलिकॉप्टरचा मार्ग आणि उतरणाऱ्या विमानांचा मार्ग यांत आखतानाच फार कमी अंतर ठेवलेले होते; त्या मार्गावर २०० फुटांची मर्यादा असताना धडकेच्या वेळी हेलिकॉप्टर २७८ फुटांवर होते; नियंत्रकाकडे त्या वेळी हेलिकॉप्टर आणि विमाने अशी दोन्ही कामे एकत्र होती. पण रेडिओच्या दृष्टीने दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे हेलिकॉप्टर एका फ्रिक्वेन्सीवर आणि जेट दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर होते. नियंत्रक दोन्हींवर बोलत होता, त्यामुळे त्याचा आवाज दोघांनाही जात होता; पण ते दोघे एकमेकांना ऐकू शकत नव्हते. एकाच फ्रिक्वेन्सीवर असताना इतरांची उत्तरे कानावर पडतात आणि कोण कुठे आहे याचे चित्र आपोआप तयार होत जाते. ती सोय येथे नव्हती. दुसरी गोष्ट ‘दिसते आहे’ या शब्दांची. रात्री शहराच्या दिव्यांत, रांगेने उतरणाऱ्या विमानांच्या दिव्यांत, वैमानिकाला कोणते विमान दिसत होते? नियंत्रकाने विचारलेले आणि वैमानिकाने पाहिलेले विमान एकच आहे, हे त्या उत्तरातून सिद्ध होत नाही. ‘मागून जा’ हे शब्द परत म्हणवून घेतले असते, तर निदान सूचना पोहोचली नाही हे उघड झाले असते. माझ्या मते या संपूर्ण घटनेतला रेडिओविषयीचा सर्वांत गंभीर भाग हाच आहे, कारण येथे प्रत्येक उत्तर वेळेवर आले, शांत आवाजात आले आणि ऐकायला बरोबर होते.

माणसाला अपेक्षित असलेले ऐकू येते, हा यामागचा मूळ धर्म आहे. रोज एकाच मार्गाने जाणाऱ्या वैमानिकाला रोज मिळणारी सूचना आज बदलली तरी कालचीच ऐकू येण्याचा संभव असतो. नियंत्रकही याला अपवाद नाही. किंबहुना त्याच्यासमोर विमानाचे खरे चित्र अनेकदा नसतेच, वैमानिक सांगेल ते चित्र असते. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात कॅलाबाससजवळ हेलिकॉप्टर पडून बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांच्यासह नऊ जण मृत्यू पावले. ढगात दिशाभूल झालेल्या वैमानिकाने आपण ४,००० फुटांकडे चढतो आहोत असे नियंत्रकाला सांगितले, आणि त्या वेळी हेलिकॉप्टर डावीकडे कलून खाली येत होते. डोंगरांमध्ये इतक्या कमी उंचीवर रडारचा आधार नीट मिळत नाही, हे त्याला आधी सांगितले गेले होते. अपघाताचे कारण ढगात शिरणे हे ठरले, रेडिओ नव्हे. पण त्या शेवटच्या वाक्याने नियंत्रकाच्या मनात तयार झालेले चित्र खऱ्या परिस्थितीच्या अगदी उलट होते.

आतापर्यंतच्या चुका ऐकण्याच्या आहेत. न बोलण्याची चूक वेगळी असते आणि आपल्याकडच्या तरुणांच्या संदर्भात तिच्याबद्दल मला विशेष काळजी वाटते. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ कोलंबियाच्या आव्हियान्का कंपनीचे विमान इंधन संपून कोसळले आणि १५८ पैकी ७३ जण गेले. खराब हवामानामुळे त्याला तासाहून अधिक वेळ घिरट्या घालत थांबवले होते. वैमानिकांनी ‘प्राधान्य’ मागितले, इंधन संपत आले आहे असेही सांगितले, पण ‘मेडे’ किंवा ‘इमर्जन्सी’ हा ठरलेला शब्द उच्चारला नाही. इंधन कमी असल्याचे सांगणारी विमाने नियंत्रकाला रोज भेटतात. त्याच्या कार्यपद्धतीत सगळे बाजूला सारायला लावणारा शब्द एकच आहे आणि तो आला नाही. तीनदा ‘मेडे’ म्हणजे जिवावर बेतले आहे, तीनदा ‘पॅन-पॅन’ म्हणजे तातडी आहे पण लगेच जिवाला धोका नाही. सौम्य शब्दांत केलेल्या विनंतीचे नियंत्रकाच्या दप्तरी वजन तेवढे पडत नाही.

खान्देशातला मुलगा किंवा मुलगी घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि रेडिओवर इंग्रजी बोलते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे इंग्रजीच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी पातळी गाठावी लागते, शिवाय आरटीआर ही रेडिओची वेगळी परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी अस्खलित इंग्रजीची गरज नाही. ठरलेली वाक्ये, एकेक करून स्पष्ट उच्चारलेले आकडे आणि बेताचा वेग एवढे पुरते. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ गोंगाटात सारखेच ऐकू येतात म्हणून ‘वन फाइव्ह’ आणि ‘फाइव्ह झिरो’ म्हणायचे, नऊला ‘नाइनर’ म्हणायचे, अक्षरांसाठी ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ वापरायचे, हे घोकून येते. घोकून न येणारी गोष्ट म्हणजे ‘से अगेन’ म्हणण्याचे धाडस. वडीलधाऱ्या माणसाला ‘तुमचे कळले नाही’ असे उलटून विचारू नये, या संस्कारात वाढलेली मुले फ्रिक्वेन्सीवर दहा जण ऐकत असताना ‘रॉजर’ म्हणून वेळ मारून नेतात आणि शेजारच्या प्रशिक्षकाच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधतात. हीच सवय पुढे परवानाधारक झाल्यावरही राहते. ‘से अगेन’ हे वाक्य प्रशिक्षकाने मुद्दाम म्हणवून घेतले पाहिजे आणि ते म्हटल्याबद्दल कधीही रागावता कामा नये.

भाषेची आणि कामाच्या वाटणीची अडचण एकत्र आली की काय होते, याचे आपल्याच देशातले उदाहरण १२ नोव्हेंबर १९९६ चे आहे. हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ जण मृत्यू पावले. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायचे होते आणि सौदी विमान १४,००० वर होते. कझाक विमान आपली उंची सोडून खाली आले. त्या विमानात टॉवरशी बोलण्याचे काम वेगळ्या रेडिओ ऑपरेटरकडे होते. आकडा ऐकणारा एक आणि विमान चालवणारा दुसरा असला की दोघांमध्ये आणखी एक रीडबॅक लागतो, आणि तो कोणत्याही टॉवरला ऐकू येत नाही.

हेलिकॉप्टरची खान्देशातली खरी कसोटी मात्र टॉवरपासून दूर गेल्यावर लागते. हा रेडिओ साधारणपणे नजरेच्या रेषेत चालतो. मध्ये डोंगर आला किंवा पृथ्वीची गोलाई आड आली की आवाज थांबतो. सपाट प्रदेशात १,००० फुटांवरून जास्तीत जास्त सुमारे ७२ किलोमीटर, ५०० फुटांवरून सुमारे ५० आणि १०० फुटांवरून २३ किलोमीटरच्या आसपास पोहोच मिळते. तापीच्या खोऱ्यात हा हिशेब बराचसा लागू पडतो. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा या भागात दरीत उतरणाऱ्या हेलिकॉप्टरला सातपुड्याच्या रांगा चारही बाजूंनी झाकतात आणि पोहोच एकदम तुटते. म्हणून अनुभवी वैमानिक कडा ओलांडण्याआधीच, वर असताना, आपण कुठे उतरतो आहोत आणि पुन्हा किती वाजता संपर्क करू हे सांगून टाकतात. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात काही कळले नाही तर नियंत्रण यंत्रणा त्या उड्डाणाला अनिश्चिततेच्या टप्प्यात टाकते आणि चौकशी सुरू होते. पुढे शोध आणि बचावाचे टप्पे येतात. सुखरूप उतरूनही ‘उतरलो’ हा निरोप द्यायचा राहिला, तर दूर कुठेतरी एका माणसाची सगळी दुपार या हेलिकॉप्टरच्या शोधात जाते आणि त्या वेळात खऱ्या संकटातल्या दुसऱ्या कोणाकडे त्याचे लक्ष कमी पडते.

मैदानावरच्या तात्पुरत्या हेलिपॅडवर टॉवर नसतो. बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या हातातला वॉकीटॉकी वैमानिकाशी बोलण्याच्या उपयोगाचा नसतो, कारण त्याचा पट्टा आणि पद्धत दोन्ही वेगळी आहेत. मैदानात गुरे शिरली, मंडपाचे कापड सुटले किंवा गर्दी दोरीच्या आत आली, तरी हे वर सांगण्याची थेट सोय बहुधा नसते. त्यामुळे उड्डाणाआधी फोनवर आणि कागदावर होणारे संभाषण येथे रेडिओइतकेच महत्त्वाचे ठरते, आणि त्यात एक चूक फार सहज होते. आयोजक मोबाइलच्या नकाशावरून हेलिपॅडचे अक्षांश-रेखांश पाठवतात. मोबाइल ते दशांशात दाखवतो, तर वैमानिकांचे नकाशे आणि उड्डाणाचे कागद अंश आणि मिनिटांत असतात. ‘२१.३०’ हा आकडा दशांश असेल तर त्याचा अर्थ २१ अंश १८ मिनिटे होतो. तोच आकडा कोणी २१ अंश ३० मिनिटे असा वाचला तर १२ मिनिटांचा फरक पडतो. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर, त्यामुळे हा फरक २२ किलोमीटरचा होतो. चोपडा-शिरपूरच्या सपाट पट्ट्यातला हेलिपॅड कागदावर सातपुड्याच्या डोंगरात जाऊन बसतो. आयोजकांनी आकड्यासोबत ‘दशांश अंश’ किंवा ‘अंश-मिनिटे-सेकंद’ हे शब्दांत लिहावे, जवळच्या मोठ्या गावापासूनची दिशा आणि अंतर जोडावे, आणि ज्याला हे कळवले त्याच्याकडून फोनवर ते सगळे परत म्हणवून घ्यावे.